तीन सेकंद दाबून धरा

आमच्या ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणतात. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे पूर्ण नाव. खुसपटं काढणं हा तिचा स्वभावही आहे आणि नोकरीही, आणि एवढं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. मी प्रोग्रॅम लिहितो, ती त्यातल्या चुका काढते. सहा वर्षं हेच चाललंय, तेव्हा आमच्यात किती प्रेम असेल ते वेगळं सांगायला नको.

या धंद्यात येण्याआधी ताई शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला चारशे शर्ट उलटे करून बघायचे, कुठे दोरा लोंबतोय, कुठे काज तिरकं झालंय असं दिसलं की लाल चिकटपट्टी लावून परत पाठवायचे. कारखान्याने ते खातंच बंद केलं, तेव्हा तिने संध्याकाळचा कोर्स केला आणि अडतिसाव्या वर्षी आमच्याकडे टेस्टर म्हणून लागली. मुलाखतीत तिला विचारलं होतं, "बग म्हणजे काय?" ती म्हणाली, "शिवणाऱ्याला दिसत नाही आणि घालणाऱ्याला टोचतं, ते." मुलाखत घेणारे साहेब एवढे खूश झाले की पुढच्या तीन भाषणांत त्यांनी ते वाक्य स्वतःचं म्हणून वापरलं.

हे साहेब आमचे प्रॉडक्ट मॅनेजर. आम्ही त्यांना रोडमॅप म्हणतो, कारण त्यांना काहीही विचारा, "ते रोडमॅपवर आहे," असं उत्तर येतं. रोडमॅप ही भिंतीवरची एक लांबलचक रंगीत पट्टी आहे. पुढच्या दोन वर्षांत आम्ही काय काय करणार ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मागच्या दोन वर्षांत काय केलं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

नवीन माणूस आला की त्याला आधी आमची भाषा शिकवावी लागते. रोज सकाळी दहाला सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, याला स्टँडअप म्हणतात. उभं राहिलं की पाय दुखतात आणि माणूस कमी बोलतो, अशी त्यामागे थोर कल्पना आहे. रोडमॅपचे पाय आजवर कधी दुखल्याचं ऐकिवात नाही. दोन आठवड्यांच्या कामाला स्प्रिंट म्हणतात. एक संपली की त्याच दिवशी दुसरी सुरू होते, दम खायची सोय नाही. आणि जी कामं कुणालाच करायची नसतात, पण तसं तोंडाने म्हणायची लाज वाटते, ती बॅकलॉगमध्ये जातात. बॅकलॉग ही आमच्याकडची माळ्यावरची ट्रंक. आत टाकलेली वस्तू पुन्हा वापरात आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तर गेल्या वर्षी आम्हाला काम मिळालं ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी अ‍ॅप करण्याचं. फोनच्या स्क्रीनवर एकच मोठं लाल बटण. पडलात, चक्कर आली, छातीत दुखायला लागलं, तर दाबायचं. मदतकेंद्रात नर्स बसलेली असते, ती लगेच फोन करते आणि माणूस पाठवते. काम चांगलं होतं. मला खरंच वाटलं की आयुष्यात एकदा तरी आपण काहीतरी उपयोगाचं लिहितोय.

मग आमची डिझायनर पुढे आली. हिला आम्ही पिक्सेल म्हणतो. पोरगी हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि बटणाचा लाल रंग ठरवायला तिला नऊ दिवस लागले. तिने आधी पर्सोना तयार केला. पर्सोना म्हणजे आपली वस्तू वापरणारा एक काल्पनिक माणूस. खऱ्या माणसाला जाऊन भेटायचं झालं तर उठावं लागतं, चालावं लागतं, म्हणून ही सोय. आमचे काल्पनिक आजोबा अडुसष्ट वर्षांचे, रोज सकाळी चार किलोमीटर चालणारे, नातवंडांना व्हिडिओ पाठवणारे, दात सगळे शाबूत. त्यांचा हसरा फोटो भिंतीवर लागला. कुठलाही प्रश्न आला की सगळे त्या फोटोकडे बघायचे. "आजोबांना हे आवडेल का?" आजोबांना सगळं आवडायचं.

पहिल्या आठवड्यात बटण एका स्पर्शात चालायचं. मग फोन खिशात असताना दाबलं जायचं, नातवंडं दाबायची, चष्मा शोधताना दाबलं जायचं. चाचणीतच साठ खोटे इशारे गेले. रोडमॅप हवालदिल झाले आणि त्यांनी फर्मान काढलं: बटण तीन सेकंद दाबून धरायचं, तरच इशारा जाईल. पिक्सेलने बटणाभोवती एक नाजूक पांढरी रिंग काढली. दाबून धरलं की ती हळूहळू भरत जाते, आणि बोट जरा हललं की रिकामी होते. दिसायला फारच सुंदर. हा सगळा प्रोग्रॅम मी लिहिला. हे आत्ताच सांगून टाकतो, नंतर कुणीतरी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा बरं.

ताईच्या घरी तिचे वडील असतात, अण्णा. वय एक्याऐंशी. उभा जन्म त्यांनी बस चालवली. आता दोन्ही हात कापतात. ताईचा नवरा नोकरीसाठी दुसऱ्या गावी, शनिवारी येतो. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात अण्णा घरात एकटे. दोनदा पडून झालेलं होतं. त्यामुळे ताईने सगळ्यात आधी हे अ‍ॅप अण्णांच्या फोनमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट माझ्या टेबलाशी. "अरे, अण्णांना जमत नाही. रिंग अर्ध्यावर येते आणि रिकामी होते. बोट कापतं ना त्यांचं."

मी माझ्या फोनवर दाबून बघितलं. रिंग भरली, इशारा गेला. "माझ्याकडे चालतंय," मी म्हणालो.

आमच्या जातीच्या माणसाचं हे पेटंट वाक्य. जगात कुठेही काहीही कोसळो, माझ्याकडे चालतंय.

"तुझ्याकडे चालेल रे बाबा. तू चौतीस वर्षांचा घोडा आहेस," ताई म्हणाली आणि तिने बग नोंदवला. क्रमांक चारशे बारा. मी त्यावर शेरा मारला, 'पुन्हा घडवता आला नाही', आणि बंद केला. तिने पुन्हा उघडला. मग पिक्सेलने शेरा मारला, 'डिझाइनप्रमाणेच चालतंय'. ताईने पुन्हा उघडला. मग रोडमॅपनी स्टँडअपमध्ये ताईला प्रेमाने समजावलं, "मॅडम, ही एज केस आहे."

एज केस म्हणजे काठावरचा प्रसंग. फार थोड्या लोकांना येणारी अडचण. ताई म्हणाली, "साहेब, म्हाताऱ्या माणसांच्या अ‍ॅपमध्ये हात कापणं काठावर कसं आलं? मग मध्ये कोण आहे?"

रोडमॅपनी फोटोतल्या आजोबांकडे बोट दाखवलं.

शेवटी चारशे बारा बॅकलॉगमध्ये गेला. किती वेळाचं काम आहे असं मला विचारलं, तर मी आठ पॉइंट सांगितले. आमच्याकडे काम तासांत सांगत नाहीत, पॉइंटांत सांगतात, म्हणजे पुढे कुणाला हिशेब विचारता येत नाही. आठ पॉइंट म्हणजे साधारण दोन आठवडे. खरं तर मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. ताई पुन्हा डोक्यावर मिऱ्या वाटेल, या भीतीनेच आकडा सांगितला होता.

पुढे पायलट सुरू झाला. मोठ्या प्रमाणावर फजिती होण्याआधी ती लहान प्रमाणावर करून बघायची, याला पायलट म्हणतात. एका वसाहतीतली चाळीस म्हातारी माणसं निवडली, तीस दिवस अ‍ॅप दिलं. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर खोट्या इशाऱ्यांचा आकडा हिरव्या अक्षरांत लावला. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. दहाव्या दिवशी शून्य. रोडमॅप येता-जाता त्या शून्याकडे असे बघायचे की स्वतःच्या लेकराकडे तरी बघत असतील का, शंका आहे. तिसाव्या दिवशी केक आला. केकवर क्रीमने मोठं शून्य काढलेलं. सगळ्यांनी फोटो काढले. मीही शून्याच्या शेजारी उभं राहून अंगठा दाखवला.

ताईने केकला हात लावला नाही. तिने मला विचारलं, "खोटे शून्य. आणि खरे किती?"

मी बघितलं. "तेही शून्य."

"म्हणजे कुणालाच गरज पडली नाही," रोडमॅप म्हणाले. "सगळे सुखरूप आहेत. यापेक्षा चांगली बातमी कुठली?"

"चाळीस म्हातारी माणसं," ताई म्हणाली, "तीस दिवस. आणि कुणाला साधी चक्करसुद्धा आली नाही? माझ्या एकट्या बापाला महिन्यातून दोनदा येते, साहेब."

रोडमॅप म्हणाले, "बी पॉझिटिव्ह, मॅडम." त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला.

खरी मेख अशी होती की रिंग पूर्ण भरली तरच आमच्या यंत्रणेत नोंद व्हायची. अर्धवट राहिलेलं दाबणं आम्ही मोजतच नव्हतो. कुणी पन्नास वेळा दाबून थकलं, तरी टीव्हीवर शून्यच. तो प्रोग्रॅमही माझाच. मला हे त्या दिवशी सुचायला हवं होतं. मी केक खात होतो.

ताईने चाळीस जणांची यादी काढली, छोट्या मीटिंग-रूममध्ये जाऊन बसली आणि एकेकाला फोन लावायला लागली. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे गेलो. काळजीने वगैरे नाही, आमच्या बाजूचा एसी बंद पडला होता. ती फोन स्पीकरवर ठेवून वहीत लिहीत होती. पलीकडे निवृत्त झालेल्या एक कारकूनबाई होत्या, आवाजावरून पंचाहत्तरीच्या.

"पडले होते हो," त्या म्हणाल्या. "बाथरूममध्ये. सकाळी आठला. फोन हातातच होता माझ्या. दाबत होते. ते पांढरं गोल भरत यायचं आणि परत जायचं. किती वेळा दाबलं असेल देव जाणे. सून आली तेव्हा बारा वाजून गेले होते."

ताईने वहीत 'आठ ते बारा' असं लिहिलं.

"माझंच चुकत असणार," बाई म्हणाल्या. "मला या फोनचं नीट जमत नाही. तुम्ही एवढं चांगलं करून दिलंत. पुढच्या वेळी मी नीट दाबेन हं. साहेबांना सांगू नका, उगाच रागावतील."

ताईने डोळ्यांना पदर लावला. मी खुर्चीवर बसलो होतो, तिथेच मान खाली घालून बसलो. मला लाज वाटली. याला आमच्या भाषेत काही शब्द नाही, निदान मला तरी कुणी शिकवला नाही. चार तास ती बाई ओल्या फरशीवर पडून माझ्या बटणाशी भांडत होती आणि वर माझीच माफी मागत होती.

चाळिसांपैकी नऊ जणांनी बटण दाबायचा प्रयत्न केला होता. नऊच्या नऊ जणांना आपलंच चुकलं असं वाटलं होतं.

सर्वांसाठी रिलीज गुरुवारी होतं. म्हणजे गुरुवारी सकाळी हे बटण हजारो घरांत जाणार. त्याआधी तिघांची सही लागते: मॅनेजर, डिझायनर, टेस्टर. हा नियम रोडमॅपनीच मोठ्या कौतुकाने केला होता. सोमवारी ताईने सांगून टाकलं, "मी सही करणार नाही."

रोडमॅपचं घोडं तिथे अडलं. आधी गोड बोलून झालं. मग आवाज चढला. मग ते म्हणाले, "तुम्ही टीम प्लेअर नाही, मॅडम. हे तुमच्या वार्षिक मूल्यांकनात जाईल."

"जाऊ दे. नीट लिहा म्हणजे झालं, तुमच्या स्पेलिंगच्या चुका मला काढाव्या लागतात," ताई म्हणाली.

मंगळवारी ती ऑफिसात आली ती अण्णांना घेऊन. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत म्हातारा हॉलमध्ये आला आणि बरोबर फोटोतल्या आजोबांच्या खाली बसला. ताईने त्यांचा फोन मोठ्या टीव्हीला जोडला. "अण्णा, समजा तुम्ही पडलाय. दाबा."

अण्णांनी दाबलं. टीव्हीवर ती सुंदर रिंग अर्ध्यापर्यंत आली आणि रिकामी झाली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं. मग दोन्ही हात एकदम कापायला लागले. हॉलमध्ये वीस माणसं टीव्हीकडे बघत होती. सातव्यांदा रिंग रिकामी झाली, तेव्हा पिक्सेल हलक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, जरा सावकाश दाबून बघता का?"

अण्णांनी फोन मांडीवर ठेवला. "पोरी, मी अडतीस वर्षं बस चालवली. समोर माणूस आला की ब्रेक दाबायचा. तो ब्रेक जर म्हणाला असता की आधी तीन सेकंद न हलवता दाबून दाखवा, मग थांबतो, तर आज मी इथे नसतो, तुरुंगात असतो."

पिक्सेलचा चेहरा एवढासा झाला. रोडमॅप मात्र कच्च्या गुरूचे चेले नाहीत. ते म्हणाले, "आजोबा, तुमच्या फीडबॅकबद्दल आभार. पण मॅडम, हा एकच यूजर झाला. आपण डेटावर निर्णय घेतो."

ताईने वही पुढे केली. चाळीस नावं, चाळीस फोन, नऊ नावांसमोर लाल शाईने खूण. रोडमॅपनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "हे आपल्या फॉरमॅटमध्ये नाहीये," ते म्हणाले.

"साहेब," मी म्हणालो. मी या सबंध प्रकरणात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "ते आठ पॉइंट ही माझी थाप होती. आत्ता करून देतो."

बायकोने पुढे हे ऐकून माझं फार कौतुक केलं. ते मी नाकारलं नाही, पण त्यात शौर्य कसलं? सही मिळत नव्हती आणि म्हातारा हलत नव्हता. एकदा स्पर्श केला की इशारा तयार होतो, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'मदत पाठवतोय, नको असेल तर इथे दाबा' असं येतं, दहा सेकंद कुणी काही केलं नाही तर फोन जातो. गरज नसणाऱ्याने धडपड करायची, गरज असणाऱ्याने नाही. एवढं लिहायला मला अकरा मिनिटं लागली. चारशे बारा नंबर बॅकलॉगमध्ये अडतीस दिवस पडून होता.

अण्णांनी दाबलं. एकदाच. इशारा गेला. ते म्हणाले, "हं. आता लागला ब्रेक." मग त्यांनी चहा मागितला.

मदतकेंद्राच्या नर्सबाईंना रोडमॅपनी घाबरत घाबरत फोन केला, की खोटे इशारे वाढतील. त्या म्हणाल्या, "वाढू द्या की. 'आजी, चुकून दाबलंत का' असं विचारायला मला आवडतं. त्या खूश होतात, दोन वाक्यं बोलतात." ही माहिती आम्हाला पहिल्या दिवशीही मिळाली असती. कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी ताईने सही केली. सगळ्या बदलांची यादी प्रसिद्ध झाली, त्यात पिक्सेलचा नवा लाल रंग पहिल्या ओळीत होता आणि चारशे बारा शेवटच्या ओळीत, 'इतर किरकोळ सुधारणा' या तीन शब्दांत. रोडमॅपनी वरिष्ठांना पत्र पाठवलं, की 'आमच्या टीमने प्रत्यक्ष यूजरला ऑफिसात बोलावून संशोधन केलं'. ताईचं नाव त्यात नव्हतं. तिचं नाव मूल्यांकनात होतं, 'सहकार्याची वृत्ती कमी' या रकान्यात. तिने ते वाचलं, 'वृत्ती'चं स्पेलिंग बरोबर आहे एवढं म्हणाली आणि सही केली.

गुरुवारी अकरा वाजता रिलीज झालं. पहिला दिवस म्हणून नर्सबाई मदतकेंद्राऐवजी आमच्याच हॉलमध्ये फोन घेऊन बसल्या होत्या. टीव्हीवर आता खऱ्या इशाऱ्यांचा आकडा लावला होता. सगळे त्याच्यासमोर जमलो. बारा वाजले, शून्य. एक वाजला, शून्य. रोडमॅप अस्वस्थ झाले. "कुणी वापरतंय की नाही?" एवढं त्यांनी तीनदा विचारलं. केकवरचं शून्य आणि हे शून्य यांत त्यांना फरक कळला होता की नाही, मला सांगता येणार नाही.

दीड वाजता आकडा फिरला. एक.

हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. रोडमॅपनी दोन्ही हात वर केले. पिक्सेलने मला मिठी मारली. वीस माणसांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कुणीतरी शिट्टी मारली, आणि मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू, तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. इतक्या दिवसांच्या कष्टाचं फळ डोळ्यांसमोर दिसत होतं. फक्त ताई वाजवत नव्हती. ती त्या गर्दीतून वाट काढत नर्सबाईंच्या टेबलाकडे धावत होती आणि ओरडत होती, "गप्प बसा! अरे, गप्प बसा सगळे!"

नर्सबाईंनी तोवर फोन लावून स्पीकरवर घेतला होता. टाळ्या थांबता थांबता पलीकडून एका म्हातारीचा बारीक आवाज आला. ती धापा टाकत होती.

"मी पडलेय हो," ती म्हणाली. "उठता येत नाहीये. आणि एवढ्या टाळ्या कसल्या वाजतायत?"